जिमी रॉजर्सची सहा वर्षं: अपुरी कोण म्हणतो?

जुनीतबकडी

गेल्या रविवारी मित्राच्या गच्चीवर एक वाद रंगला आणि नेमका पाऊस आल्याने अर्धाच राहिला. तो इथे आणतोय. विषय जिमी रॉजर्स. अमेरिकेत ज्याला कंट्री संगीताचा, म्हणजे तिथल्या ग्रामीण गाण्यांच्या प्रकाराचा, जनक म्हणतात तो. नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

जन्म १८९७, मिसिसिपीतल्या मेरिडियनच्या आसपासचा. आई लहानपणीच गेली. वडील रेल्वेच्या गँगचे, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या मजुरांच्या टोळीचे, मुकादम. पोरगा आधी गँगला पाणी पाजायच्या कामावर, मग मालगाड्यांवर ब्रेकमन. १९२४ला क्षयाचं निदान झालं आणि ते काम झेपेनासं झालं. पोटासाठी गिटार घेऊन गावोगाव फिरायला लागला. ४ ऑगस्ट १९२७ला ब्रिस्टल गावात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पिअरसमोर त्याने दोन गाणी गायली. (गाव असं, की मुख्य रस्त्याच्या एका अंगाला टेनेसी आणि दुसऱ्या अंगाला व्हर्जिनिया.) आदल्याच रात्री सोबतच्या वादकांशी 'रेकॉर्डवर नाव कोणाचं' यावरून बिनसलं, म्हणून एकटाच गायला. दोन गाण्यांचे १०० डॉलर मिळाले. त्याच नोव्हेंबरात न्यूजर्सीतल्या कॅमडेनला त्याने पहिलं 'ब्लू योडेल' गायलं (योडेल म्हणजे आवाज एकदम वर उडवून परत खाली आणत गाणं) आणि देशभर नाव झालं. शेवटचं ध्वनिमुद्रण २४ मे १९३३, न्यूयॉर्क. २६ मे रोजी तिथल्याच हॉटेलात गेला. वय ३५. म्हणजे पुरती सहा वर्षंही नाहीत, आणि तेवढ्यात ११०च्या आसपास ध्वनिमुद्रणं.

मित्राचं म्हणणं, 'अरेरे, अपुरी कारकीर्द. अजून वीस वर्षं मिळायला हवी होती.' मला हे पटत नाही. कारकीर्द छोटी होती हे मान्य. पण अपुरी? टीबी नसता तर हा माणूस ब्रेकमन म्हणूनच म्हातारा झाला असता. रोगाने नोकरी काढून घेतली आणि हातात गाणं दिलं. आपल्याकडे किती वेळ आहे हे त्याला ठाऊक होतं. १९३१मध्ये त्याने 'टीबी ब्लूज' नावाचं गाणंच केलं, आपल्याच रोगावर. गाडी सुटायची वेळ माहीत असलेला माणूस सामान कसं नेटकं बांधतो, तशी ही सहा वर्षं आहेत. शिवाय मंदी आलेली. १९२७ला अमेरिकेत वर्षाला दहा कोटींवर रेकॉर्ड खपत होत्या, त्या १९३२ला साठ लाखांवर आल्या. जगला असता तर कुठल्या तरी रेडिओ केंद्रावर साबणाच्या जाहिरातींमधे गात बसला असता. शिळा व्हायच्या आधी गेला, असं मी म्हणेन.

झोडपायला सुरुवात करा.

छातीचीडॉक्टर

करतेच.

मी तीस वर्षं छातीचे रोग पाहिले. 'रोगाने हातात गाणं दिलं' हे वाक्य लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर रोग नव्हता, रेकॉर्डचं कव्हर होतं. टीबीने काय दिलं ते मी सांगते. संध्याकाळचा ताप, रात्री उशी भिजवणारा घाम, उतरत जाणारं वजन आणि एक दिवस खोकताना तोंडातून रक्त. १९२४ला या माणसाला झालं ते हेच. गाणं त्याच्याकडे आधीपासून होतं. तेराव्या वर्षाच्या आसपास तो घरातून पळून तमाशासारख्या फिरत्या खेळांत गेला होता आणि बापाने परत आणला होता.

आणि 'शिळा व्हायच्या आधी गेला'? पस्तिशीचा बाप, मागे बायको आणि शाळकरी मुलगी. त्या मुलीला विचारलं असतंत का?

गच्चीवरचामित्र

मीच तो मित्र. डॉक्टरबाई, +१०००. मी तर पावसाला बोलावूनच घेतला होता.

रूळकरी

रेल्वेत उभी हयात गेली म्हणून ब्रेकमन या शब्दावर थोडं. तो ड्रायव्हर नव्हे, गार्डही नव्हे. डबे जोडणं-सोडणं, सांधे बदलणं, गाडी मधेच थांबली की मागे धावत जाऊन निशाण दाखवणं, पाऊस असो की बर्फ, डब्याच्या टपावरून चालत जाणं. एअर ब्रेक यायच्या आधी तर टपावरचं चाक हाताने फिरवून गाडी थांबवायचे, तेव्हा किती जण खाली गेले त्याला गणती नाही. जिमीच्या काळी एअर ब्रेक आले होते, पण काम उघड्यावरचंच, कोळशाचा धूर खात. १९२९ला त्याच्यावर एक छोटी फिल्म निघाली, त्यात तो रेल्वेच्या कपड्यात, टोपी घालून गातो. ती टोपी पाहून मला बरं वाटलं. पण तोवर त्याने ते काम सोडून वर्षं झाली होती, हेही ध्यानात ठेवा. कंपनीला 'गाणारा ब्रेकमन' विकायचा होता.

दुसरं, गँगमधे गाणं असतंच. रूळ सरकवायचा तर दहा जणांचा जोर एका ठेक्यावर पडावा लागतो. आमच्याकडे एक जण आरोळी द्यायचा, बाकीचे ओढायचे. दक्षिण अमेरिकेत (म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत, नकाशातलं ते दुसरं नव्हे) हे काम बहुतेक काळे मजूर करत. मुकादमाचं पोर त्यांना पाणी पाजत फिरायचं तेव्हा त्याच्या कानात काय पडत असेल?

शंकासूर

रूळकरी काकांनी दार उघडलंच आहे तर आत शिरतो. कारकीर्द अपुरी की पुरी हे नंतर पाहू, आधी ती कोणाची? 'जनक' ही पदवी मला नेहमी संशयास्पद वाटते. त्याच्या आधी, १९२४मध्येच, रायली पकेट नावाच्या आंधळ्या गायकाने योडेल घेऊन रेकॉर्ड काढली होती. ब्लूज हा गाण्याचा प्रकार मुळात काळ्यांचा. गाणी कितीतरी त्याच्या मेहुणीने, एल्सी मॅकविल्यम्सने, रचलेली किंवा पुरी केलेली, आणि त्यांतल्या बऱ्याच गाण्यांवर तिचं नावच नाही. जिमीला स्वरलिपी वाचता येत नव्हती, तीही तिनेच लिहिली. १६ जुलै १९३०ला लॉस एंजेलिसमधे 'ब्लू योडेल क्रमांक ९' झालं त्यात ट्रम्पेटवर काळा जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर त्याची बायको लिल. रेकॉर्डवर त्यांचं नाव? छापलंच नाही. कंपन्या गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या रेकॉर्डची यादीच वेगळी काढायच्या.

तेव्हा सहा वर्षांत एकट्याने एवढं केलं म्हणून टाळ्या वाजवण्याआधी त्या सहा वर्षांत किती जणांचे हात होते ते मोजा. छोट्या कारकिर्दीचा हा फायदाच असतो, माणूस गेला की हिशोब कोणी मागत नाही.

जुनीतबकडी

शंकासूरराव, एल्सीबद्दल शंभर टक्के सहमत, मूळ धाग्यात मी तिचा उल्लेख करायला हवा होता. पण तिची गरज का पडली, ते कारण माझ्या मुद्द्याला धरूनच आहे. राल्फ पिअर हा कंपनीच्या पगारापेक्षा गाण्यांच्या हक्कांवर कमावत असे. १९२८ला त्याने त्यासाठी प्रकाशनसंस्थाच काढली. म्हणून त्याला जुनी पारंपरिक गाणी नकोत, ज्यावर मालकी सांगता येईल अशी नवी हवीत. जिमीकडे स्वतःची गाणी मूठभर. ध्वनिमुद्रणाची तारीख ठरली की मेहुणीला निरोप: ये, गाणी घेऊन ये. एल्सी आली नसती तर पहिली दोन वर्षं निघाली नसती.

लुई आर्मस्ट्राँगचं नाव न छापणं हे कंपनीचं आणि त्या काळाचं पाप. पण १९३०मध्ये गोऱ्या गायकाने एका खोलीत बसून काळ्या वादकांबरोबर गाणं, आणि पुढच्याच वर्षी लुईव्हिलमधे काळ्या जग बँडबरोबर गाणं, हेही त्याच काळात झालं. (जग म्हणजे मडकं. तोंडाने फुंकून खर्ज काढतात. आपल्या घटमवाल्यांनी ऐकाच.) आणि देवाणघेवाण एकाच बाजूने नव्हती. शिकागोचा हाऊलिन वुल्फ, काळ्या ब्लूजमधला दांडगा आवाज, स्वतः सांगायचा की जिमीसारखं योडेल करायला गेलो, ते जमेना, म्हणून आरोळ्या ठोकायला लागलो.

शंकासूर

वुल्फला जमेना म्हणून जिमीचं कर्ज फिटलं, असा हिशोब मी पहिल्यांदाच ऐकतोय. पण एल्सी मान्य केलीत, निम्मा आक्षेप मी मागे घेतो.

किशोरवेडी

कोणी अजून किशोरदावर आलं कसं नाही? मोठ्या भावाकडे, अनूपकुमारकडे, योडेलच्या परदेशी रेकॉर्ड होत्या, जिमी रॉजर्सच्या आणि टेक्स मॉर्टनच्या. त्या ऐकून किशोरदा योडेल शिकला, असं नेहमी सांगितलं जातं. मग सहा वर्षांची कारकीर्द मिसिसिपीतून खांडव्याच्या पोरापर्यंत आणि तिथून आपल्या रिक्षांपर्यंत आली की! याला अपुरी कसं म्हणायचं? मी धागाकर्त्याच्या बाजूने.

शंकासूर

दोघांपैकी नक्की कोणाची ऐकून? मॉर्टन न्यूझीलंडचा होता, तो वेगळा.

किशोरवेडी

मॉर्टन स्वतःच जिमीच्या रेकॉर्ड ऐकून शिकलेला! कुठूनही गेलात तरी नळ त्याच टाकीचा.

कॅमडेनजवळचा

मी कॅमडेनपासून पंधरा मिनिटांवर राहतो. व्हिक्टरच्या जुन्या कारखान्याची एक इमारत अजून उभी आहे. मनोऱ्यावर रंगीत काचेत तो ग्रामोफोन ऐकणारा कुत्रा आहे. आत आता भाड्याची घरं. आमच्या ऑफिसातला एक मराठी मुलगा वर्षभर तिथे राहिला आणि त्याला त्या कुत्र्याची 'हिज मास्टर्स व्हॉइस'पलीकडे काही ओळख नव्हती. त्याला हा धागा पाठवलाय. बाकी वादात पडत नाही, वाचतोय.

छातीचीडॉक्टर

किशोरवेडी, योडेलवरून आठवलं. योडेल म्हणजे छातीच्या आवाजातून एकदम वरच्या पोकळ आवाजात उडी, आणि परत. ऐकायला गंमत वाटते. ती उडी मारायला दम लागतो, आणि या माणसाचं फुप्फुस दर वर्षी थोडं थोडं कमी होत होतं.

आता माझा खरा मुद्दा, कारण पहिल्या प्रतिसादात रागच जास्त होता. आपल्याकडे याच रोगाचं दुसरं उदाहरण आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. कुमार गंधर्व. ऐन उमेदीत टीबी झाला, १९४८ला देवासला आले, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. पाच-सहा वर्षं गायले नाहीत. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. १९५३ला पुन्हा उभे राहिले, एक फुप्फुस जवळजवळ निकामी, त्यामुळे आवाज लावायची तऱ्हाच बदलली. पुढे १९९२पर्यंत. तुमच्या हिशोबाने १९४७ला 'पूर्ण' झाले असते ना? बालवयातच नाव झालेलं, सगळे थक्क झालेले. त्या वेळी गेले असते तर कोणीतरी असाच धागा काढला असता की 'शिळे व्हायच्या आधी गेले'. आणि मग आपण ज्यांना कुमारजी म्हणतो ते आपल्याला कधी कळलेच नसते.

पुढची वर्षं काय देतील हे आधीच्या वर्षांवरून सांगता येत नाही, एवढंच माझं म्हणणं. साबणाच्या जाहिराती तुम्ही कुठून आणल्या?

जुनीतबकडी

डॉक्टरबाई, इथे मात्र मला दोन मिनिटं गप्प बसावं लागलं. कुमारजींचं उदाहरण टोचलं.

तरी एक विचारतो, आणि हे तुमच्याच विषयातलं आहे. कुमारजी बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिन मिळालं म्हणून. ते औषध सापडलं १९४३ला. जिमी गेल्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे त्याने गाणं सोडून पाच वर्षं पडून राहायचं ठरवलं असतं, तर पाच वर्षांनी त्याला काय मिळणार होतं? कुमारजींचं थांबणं हे कशाची तरी वाट पाहणं ठरलं. जिमीकडे वाट पाहण्यासारखं काहीच नव्हतं. असं असताना माणसाने गायचं की नाही?

छातीचीडॉक्टर

योग्य प्रश्न. प्रामाणिक उत्तर देते.

त्या काळी उपाय म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, दूध-अंडी, आणि काही ठिकाणी छातीत हवा भरून रोगट फुप्फुस मुद्दाम मिटवून ठेवणं, म्हणजे त्याला आराम पडावा. काही रोगी याने वर्षानुवर्षं जगायचे, काहींचा रोग आपोआप निवायचाही. सगळेच मरत नसत. टेक्सासमधलं केरव्हिल हे कोरड्या हवेचं ठिकाण, क्षयाचे रोगी तिथे जात. यानेही १९२९ला तिथे मोठं घर बांधलं. पण राहिला किती? दौरे, तंबूतले खेळ, मुद्रणं. १९३१च्या सुरुवातीला दुष्काळग्रस्तांसाठी रेड क्रॉसच्या मदतीचे खेळ, तेही तेव्हाचा नामवंत विनोदवीर विल रॉजर्सबरोबर गावोगाव. मनाने चांगला माणूस होता यात वाद नाही. पण रोग्याने काय करू नये याची यादी काढली तर ती हीच निघेल. पुढे ते घरही सोडावं लागलं, सॅन अँटोनियोला साध्या घरात गेले.

आता तुम्ही म्हणाल, त्याने स्वतः निवड केली. माझा अनुभव सांगते. पडून राहायला पैसा लागतो. 'गाणं हाच माझा श्वास' वगैरे रोगी म्हणत नाहीत, रोगी विचारतो, 'डॉक्टर, कामावर कधी जाऊ?' मे १९३३ला हा माणूस न्यूयॉर्कला गेला तो सोबत नर्स घेऊन. दोन गाण्यांच्या मधे आडवं व्हायला मुद्रणाच्या जागी खाट टाकलेली होती. त्याला निवड म्हणायचं की बिलं म्हणायचं, हे तुम्ही ठरवा.

गच्चीवरचामित्र

खाटेचं मला माहीत नव्हतं. गच्चीवर का नाही सांगितलंस रे हे?

जुनीतबकडी

पाऊस आला ना.

रूळकरी

डॉक्टरबाईंचं बरोबर आहे. रजा ही गोष्ट पगारदाराला असते. हातावर पोट असणाऱ्याला आजारपणसुद्धा कामाच्या वेळात बसवावं लागतं. आमच्या वेळी गँगमधली माणसं खोकला लपवायची, कारण मेडिकलला नापास झाला की हलक्या कामावर, म्हणजे कमी पैशावर. जिमीने खोकला लपवला नाही, त्यावर गाणं केलं, तेही दोनदा. १९३२ला दुसरं आलंय, त्यात तर तो म्हणतो मी याला झोडपणारच. त्या गाण्यानंतर नऊ-दहा महिन्यांत गेला. तुम्ही याला सामान बांधणं म्हणता. मला तर सांधा बदलेल म्हणून शेवटपर्यंत बाहेर डोकं काढून बघत राहिलेला माणूस दिसतो.

किशोरवेडी

काका, जबरी लिहिलंय.

तरी माझं मत कायम. लांबी म्हणजे सगळं नव्हे. त्याच्या मागून आलेले कंट्री गायकच बघा. जीन ऑट्री सुरुवातीला सरळ जिमीची नक्कल करायचा. हँक स्नोने मुलाचं नावच जिमी रॉजर्स ठेवलं. जिमीच्या बायकोने, कॅरीने, नवऱ्याची मार्टिन कंपनीची गिटार अर्नेस्ट टबला वापरायला दिली आणि ती त्याने चाळीसेक वर्षं वाजवली. गिटारच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'थँक्स' लिहिलेलं. गाणं संपलं की गिटार उलटी करायची आणि लोकांना दाखवायची. मालक सहा वर्षं, गिटार चाळीस!

आणि सगळ्यात भारी म्हणजे केनिया. १९५०ला ह्यू ट्रेसी नावाचा संशोधक तिथे किपसिगिस लोकांची गाणी मुद्रित करत होता. त्याला मुलींनी म्हटलेलं एक गाणं मिळालं, 'चेमिरोचा'वर. चेमिरोचा म्हणजे जिमी रॉजर्स! त्याच्या रेकॉर्ड तिथवर पोचलेल्या, आणि त्यांच्या कल्पनेत तो अर्धा माणूस, अर्धा हरणासारखा प्राणी झालेला.

शंकासूर

हे मात्र मला आवडलं. 'जनक' पेक्षा अर्धं हरीण बरं. निदान त्यात मेहुणीचं श्रेय कोणी खाल्लेलं नाही.

जुनीतबकडी

आवरतं घेतो, कारण घरचे जेवायला बोलावतायत.

'शिळा व्हायच्या आधी गेला' हे वाक्य मागे घेतो. ते लिहिताना मजा आली होती, हेच त्याचं चुकलं. साबणाच्या जाहिरातीही मागे. पण 'अपुरी' हा शब्द मला अजूनही चालत नाही. पुढे काहीतरी व्हायचं राहिलं, म्हणून झालेलं अर्धवट, असा त्याचा अर्थ होतो, आणि ११० गाण्यांतलं एकही मला अर्धवट वाटत नाही. १९२८चं 'वेटिंग फॉर अ ट्रेन' ऐका. खिशात दमडी नसलेला, गाडीतून उतरवून दिलेला माणूस, आणि आगगाडीची शिटी तोंडानेच काढलेली. त्याच्या पुढे अजून काय जोडायचं? डॉक्टरबाईंचं म्हणणं त्या माणसाबद्दल आहे आणि माझं गाण्यांबद्दल, असं मला शेवटी वाटायला लागलंय. त्या म्हणतील, दोन्ही एकाच छातीतून आलेत. म्हणोत.

हे माझं शेवटचं पोस्ट. (जेवण झालं की परत येईन.)

छातीचीडॉक्टर

म्हणणारच होते, तुम्ही आधी म्हटलंत.

दुपारी बसून जिमीच्या शेवटच्या मुद्रणांतली दोन गाणी ऐकली. गाणं कसं आहे ते मला विचारू नका. मी पूर्ण वेळ तो श्वास कुठे घेतो तेच मोजत होते. रात्री नातवाला शेजारी बसवून ऐकते आणि तो काय म्हणतो ते सांगते.